आजची भाकर, उद्याचे पाणी

ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या प्रार्थनेत अन्नाची मागणी आहे, पण ती फक्त आजच्या अन्नाची. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी तिथे ‘भाकर’ हा शब्द योजला. बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात तो निव्वळ रूपक म्हणून वाचता येत नाही. नीरा डाव्या कालव्याने खालची गावे बागायती केली. वरच्या अंगाच्या गावांत मात्र पावसाने ओढ दिली की आजची भाकर हाच सगळ्यांत मोठा प्रश्न असे.

ही प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येते आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, उद्याची चिंता करू नका, असे येशू सांगतो. वर्तमानात जगण्याची ख्रिस्ती शिकवण इथून निघते. पण पेरणीसाठी बी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याने ती कशी ऐकावी? आणि ज्यांना हातातले काम बाजूला ठेवून शांत बसताच येत नाही, त्यांनी काय करावे? या परिसरातील ख्रिस्ती कार्याचा इतिहास वाचताना मला याचे उत्तर प्रवचनांपेक्षा कामांच्या तपशिलात अधिक सापडले.

युरोपात या शिकवणीचा प्रसिद्ध साक्षीदार म्हणजे सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स. पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ते स्वयंपाकघरात राबत. प्रार्थनेची वेळ वेगळी आणि कामाची वेळ वेगळी, हा भेद त्यांना मान्य नव्हता. 1691 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांची पत्रे व संभाषणे प्रसिद्ध झाली आणि आजही वाचली जातात. मात्र मठाला कोठार होते, दिनक्रम ठरलेला होता. कोठारच रिकामे असेल तर?

ती परीक्षा बारामतीपासून फार दूर नसलेल्या, दौंड तालुक्यातील केडगावात झाली. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. 1898 मध्ये केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि सदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या माणसांचे दोन वेळचे जेवण, आजारपण, शिक्षण, शेती, विणकाम आणि छापखाना एवढा हा व्याप होता. तिथे एकांत मिळणे कठीणच.

याच व्यापात रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करायला घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळवण्यापासूनची छपाईची कामे सदनातील स्त्रियाच शिकल्या. हे काम अनेक वर्षे चालले. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो 1924 मध्ये. छापून तयार झालेला ग्रंथ त्यांना पाहता आला नाही.

मला वाटते, चिंता आणि तजवीज यांतला फरक इथे दिसतो. विहीर खणणे, बी राखणे, पुढच्या वाचकासाठी पान तपासणे ही उद्याची तजवीज आहे, पण ती आजच्या हातांनी करायची असते. चिंता मात्र आजचे हातच बांधून ठेवते. सहाव्या अध्यायातला निषेध चिंतेचा आहे, कष्टाचा नाही.

खुद्द बारामतीत हाच फरक मातीकामात उतरला. ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाचे मिशन इथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अवर्षण पडले, तेव्हा 1967 मध्ये प्रथमच आमदार झालेल्या शरद पवारांच्या पुढाकाराने आणि ‘कासा’ या चर्चप्रणीत मदतसंस्थेच्या साहाय्याने तालुक्यात पाझर तलावांची कामे निघाली. कामाच्या बदल्यात धान्य, अशी योजना होती. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवायचे. ते जमिनीत मुरून खालच्या विहिरींना पाझरते. या कामातूनच पुढे 1971 मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान आकाराला आले.

प्रार्थनेतली भाकर आणि अध्यायाच्या शेवटचा ‘उद्या’ एकाच बांधावर आले ते असे. पाटी उचलणाऱ्याला आज धान्य मिळाले आणि त्याच पाटीतल्या मातीने उद्याचे पाणी अडले. हिशेब सर्वांसाठी सारखा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. पाझराचा लाभ बांधाखाली ज्याची विहीर, त्याला. भूमिहीन मजुराच्या वाट्याला प्रामुख्याने कामाचे धान्यच आले. म्हणूनच त्या प्रार्थनेतला ‘आम्ही’ हा शब्द मला ‘आज’इतकाच महत्त्वाचा वाटतो. तिथे कोणी एकट्यासाठी भाकर मागत नाही.

आजच्या धावपळीत वर्तमानात जगण्याचा प्रश्न बहुतेकदा स्वतःच्या मनःशांतीपाशीच संपतो. केडगाव आणि बारामतीचा इतिहास तो पुढे नेतो: आज आपल्या हातात कोणते काम आहे, आणि त्यातून कोणाची भाकर भाजली जाणार आहे?