अजिंठ्याच्या चित्रांतील वस्त्रे आणि रंग

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या चित्रांत ज्याच्या अंगावर कपडा कमी, तो बहुधा मोठा माणूस असतो. लेणे क्रमांक १ मधील महाजनक जातकात राजा आणि राणी दागिन्यांनी मढलेले आहेत. वस्त्र मात्र तलम, न शिवलेले आणि कमरेखालीच. त्याच प्रसंगातील नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांची शिवलेली चोळी आहे. शिवलेले कपडे प्रामुख्याने सेवक, सैनिक, नर्तकी आणि परदेशी यांच्या वाट्याला आलेले दिसतात. उघडे अंग म्हणजे दारिद्र्य किंवा निर्लज्जता, हा अर्थ येथे लावणे चुकीचे ठरते.

पेहरावावरून विद्वानांचीही फसगत झाली आहे. याच लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या व अंगरखे घातलेले परदेशी दिसतात. हा इराणचा राजा दुसरा खुस्रो असावा, असे फर्ग्युसन यांनी एकोणिसाव्या शतकात सुचवले. तसे असते तर चित्र सातव्या शतकात गेले असते. आज ही चित्रे पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातील मानली जातात.

रंगांपैकी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी हे सारे साधे. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातील बदख्शानहून येणारा. लेणे ९ व १० मधील सातवाहनकालीन चित्रांत तो नाही. पाचव्या शतकातील लेण्यांत आहे. म्हणजे निळा हा देवत्वापेक्षा आधी व्यापाराचा आणि दात्याच्या ऐपतीचा रंग. काषाय रंगाचा अर्थ अधिक स्पष्ट आहे. लेणे १७ मध्ये भिक्षापात्र घेऊन यशोधरा व राहुल यांच्यासमोर उभ्या असलेल्या बुद्धाचे एकरंगी, अलंकारहीन चीवर पाहावे आणि लेणे १ मधील पद्मपाणीचा मुकुट व पट्टेरी धोतर त्याच्याशी ताडून पाहावे. त्याग आणि ऐश्वर्य यांतील अंतर कापडच सांगते.

मात्र आज दिसतो तोच मूळ रंग, असे समजू नये. ग्रिफिथ्स यांच्या काळात चित्रांवर व्हार्निश लावले गेले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला आणि निळ्या-पांढऱ्या छटा त्याखाली गेल्या. पडताळणीसाठी उपयोगी पडल्या असत्या अशा रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत, तर ग्रिफिथ्स यांच्या अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या.