चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील मालवाहू वाहने आणि इंजिन तापण्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटार वाहतुकीच्या इतिहासात रस्ते, कायदे, परवाने आणि कारखाने यांची नोंद विस्ताराने आढळते. वाहन वाटेत बंद पडल्यावर ते पुन्हा चालू करणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या ज्ञानाची नोंद मात्र क्वचितच होते. इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपेक्षा वापर व देखभाल यांच्या अंगाने पाहण्याची गरज प्रतिपादन केली. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) मध्ये सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र व भातगिरणी यांच्या आधारे भारतीय समाजाने आयात यंत्रे कशी आपलीशी केली, हे दाखविले. याच दृष्टीने चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील जुन्या पिकअप व ट्रक यांच्या इंजिन तापण्याच्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वरकरणी हा केवळ यांत्रिक बिघाड वाटतो. परंतु त्याची कारणे या प्रदेशाच्या हवामानात, पाण्यात आणि वनोपजांच्या अर्थव्यवस्थेत रुजलेली आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वाहतुकीची पार्श्वभूमी

जुन्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जुन्या जिल्ह्याच्या पश्चिम भागात कोळशामुळे रेल्वे लवकर पोहोचली. १८७० च्या दशकात वरोऱ्याची खाण रेल्वेने वर्ध्याशी जोडली गेली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस बल्लारशा-काझीपेठ मार्गाने उत्तर व दक्षिण भारत जोडला गेला. वैनगंगेच्या पूर्वेकडील वनप्रदेश मात्र रेल्वेपासून दूर राहिला. वडसा हे एक स्थानक सोडल्यास गडचिरोली जिल्हा दीर्घकाळ रेल्वेविना होता. अहेरी, आलापल्ली, एटापल्ली, भामरागड या भागांतील साग आणि बांबू बाहेर काढण्यासाठी आधी बैलगाडी व नंतर मोटार हीच मुख्य साधने होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण आल्यावर देशात अनेक ठिकाणी लोणारी कोळशापासून मिळणाऱ्या वायूवर मोटारी चालविल्या गेल्या. अशा इंजिनाची शक्ती कमी होई आणि वायूबरोबर येणारी राख वारंवार साफ करावी लागे. युद्धानंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५४ मध्ये टाटा व डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूर येथे डिझेल ट्रकची निर्मिती सुरू झाली. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला आणि १९८६ मध्ये टाटा ४०७ बाजारात आले. परिणामी कच्च्या जंगलवाटांवर जाऊ शकणारी हलकी डिझेल वाहने खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. प्रवासी नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप आणि माल नेणारे पिकअप ही याच परंपरेची रूपे होत.

ऋतू आणि भार यांचा संयोग

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारणतः एक तृतीयांश उष्णता शीतकरण यंत्रणेला बाहेर टाकावी लागते. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे मुख्यतः आतील पाणी व बाहेरील हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९० अंश सेल्सिअस आणि हवा ३० अंश असेल तर हा फरक ६० अंशांचा असतो. हवा ४६ अंशांवर गेल्यास तो ४४ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे एक चतुर्थांश कमी उष्णता बाहेर टाकतो. चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा अनेकदा ४६-४७ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे समशीतोष्ण हवेत पुरेशी ठरणारी यंत्रणा येथे मुळातच काठावर काम करते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे या प्रदेशात भाराचा हंगामही उन्हाळ्यातच येतो. तेंदूपत्त्याचे संकलन एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात होते. फळीवर वाळविलेली पाने पोत्यांत भरून पहिल्या पावसाआधी गोदामात पोहोचवावी लागतात. १९६९ च्या कायद्याने तेंदूच्या व्यापारावर शासनाचे नियंत्रण आले, तरी हे वेळापत्रक बदलले नाही. कारण ते झाडाच्या पालवीने आणि पावसाने ठरविलेले आहे. बांबूचीही वाहतूक नदी-नाल्यांना पूर येऊन कच्चे रस्ते बंद होण्यापूर्वी उरकावी लागते. अशा वाटांवर भरलेले वाहन खालच्या गिअरमध्ये चालते. इंजिन जोरात फिरते, परंतु वेग कमी असल्याने समोरून हवा मिळत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर राहते. त्यातच वाळलेले गवत, पाचोळा व धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकून बसते. थोडक्यात, ज्या महिन्यात इंजिनाची थंड होण्याची क्षमता सर्वांत कमी असते, त्याच महिन्यात वन अर्थव्यवस्था त्याच्याकडून सर्वांत अधिक काम मागते.

पाण्याचा प्रश्न

मालकांच्या व चालकांच्या व्यवहारात दीर्घकाळ ‘कूलंट’ ही थंड देशांची वस्तू मानली गेली. वस्तुतः ग्लायकॉलयुक्त द्रव गोठण्यापासून बचाव करण्याबरोबरच उत्कलनबिंदू वाढवितो व त्यातील रसायने गंज रोखतात. त्याऐवजी हातपंप, विहीर किंवा नाला यांचे पाणी भरले जाते. हातपंपाचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातील क्षार इंजिनाच्या जलमार्गांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत थरावर थर बसतात. अशा थराची उष्णतावाहकता ओतीव लोखंडाच्या सुमारे विसाव्या भागाइतकीच असते. त्यामुळे पातळ थरही उष्णता अडवून धरतो. गाडी तापली की पाणी उकळून उडते, पुन्हा जड पाणी भरले जाते आणि थर आणखी वाढतो. तात्पुरता उपायच पुढील बिघाडाचे कारण बनतो.

निदानाची परंपरा

ग्रामीण मिस्त्रीचे निदान उपकरणांपेक्षा प्रश्नांवर उभे असते. गाडी केव्हा तापते, हा त्यातील पहिला प्रश्न होय. उभी असताना किंवा मंद चालीत तापत असेल तर पंखा, त्याचा पट्टा आणि पंख्याभोवतीचे आवरण तपासले जाते. भार किंवा वेग वाढल्यावरच तापत असेल तर तुंबलेल्या रेडिएटरचा अथवा खालचा रबरी पाइप आत ओढला जाऊन चपटा होत असल्याचा संशय येतो. इंजिन तापलेले असूनही रेडिएटर थंड लागत असेल तर थर्मोस्टॅट अडकलेला, पाण्याचा पंप निकामी किंवा हवा कोंडलेली असते. बाहेर गळती नसताना पाणी कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तेल दुधाळ झाले असेल किंवा धूर पांढरा येत असेल, तर हेड गॅस्केट गेले आहे किंवा हेडला तडा गेला आहे, असे अनुमान काढले जाते. रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. सुमारे १५ पौंड दाब धरणारे झाकण साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू जवळपास १२० अंशांपर्यंत नेते. झाकणाचे रबर सैल झाले की हा लाभ नाहीसा होतो आणि सुस्थितीतील इंजिनही उकळू लागते.

दुरुस्तीचा क्रमही स्वस्ताकडून महागाकडे जातो. प्रथम पातळी, झाकण, पाइप व पट्टा. त्यानंतर जाळीची सफाई. मग रेडिएटर खोलून नळ्यांत पट्टी फिरविणे. आणि अखेरीस हेड उतरवून ते सपाट करून घेणे. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये आणि त्यावर एकदम थंड पाणी ओतू नये, हे नियम भाजलेल्या हातांनी व तडकलेल्या हेडांनी शिकविलेले आहेत.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे ही उष्ण प्रदेशातील सर्वत्र आढळणारी प्रथा होय. तिला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. जड पाण्याने थर्मोस्टॅट वारंवार अडकतो, सुटा भाग वेळेवर मिळत नाही, आणि आलापल्ली-भामरागडसारख्या रस्त्यावर गाडी बंद पडल्यास दिवस वाया जातो; या परिस्थितीत बिघडू शकणारा भागच काढून टाकणे सयुक्तिक वाटते. परंतु या उपायाची किंमत असते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडमार्ग बंद करतो. तो काढल्यास तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो आणि गाडी अधिकच तापते. इतर इंजिनांत हिवाळ्याच्या पहाटे आवश्यक तापमान लवकर गाठले जात नाही. त्यामुळे इंधन अधिक लागते आणि सिलिंडरची झीज वाढते. ही झीज वर्षानुवर्षे होत असल्याने तिचा दोष त्या उपायाला कोणी देत नाही.

बदलते संदर्भ

धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. पुढे अनेक ग्रामसभांनी बांबू व तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः हाती घेतला. या बदलाचा विचार हक्क व उत्पन्न यांच्या अंगाने झाला आहे. तथापि उत्पन्न हाती येण्यासाठी माल पावसापूर्वी गोदामात पोहोचावा लागतो, आणि तो बहुधा जुन्या वाहनांतून जातो. रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयात नेणारी जीपही बहुधा त्याच वयाची असते. म्हणून इंजिनाच्या आरोग्याचा प्रश्न गावाच्या अर्थकारणाशी व आरोग्याशी थेट निगडित आहे.

निष्कर्ष

१. या प्रदेशातील इंजिन तापण्याचा प्रश्न हवामान, जड पाणी, कच्चे रस्ते आणि उन्हाळी वनोपजांचा हंगाम यांच्या संयोगातून निर्माण झाला आहे.

२. स्थानिक मिस्त्रींची निदानपद्धती तर्कशुद्ध व क्रमबद्ध आहे. तिची मर्यादा आकलनापेक्षा पाणी व सुटे भाग यांच्या उपलब्धतेत आहे.

३. स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी किंवा शुद्ध केलेले पाणी व योग्य कूलंट यांचा वापर, सुस्थितीतील झाकण आणि हंगामापूर्वी रेडिएटरची सफाई हे उपाय अल्पखर्चाचे असून बिघाडाचे चक्र तोडू शकतात.

४. मिस्त्रींचे ज्ञान मौखिक आहे. नवी संगणकनियंत्रित इंजिने येत असताना जुन्या पिढीचे हे ज्ञान अलिखितच लोपण्याची शक्यता आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालयांचे इतिहास विभाग यांनी एकत्रितपणे त्याचे दस्तऐवजीकरण करणे आवश्यक आहे.

वनप्रदेशाचा इतिहास साग, बांबू व तेंदू यांचा आहे, तसाच तो माल वाहून नेणाऱ्या यंत्रांचा व ती चालती ठेवणाऱ्या हातांचाही आहे. या दुसऱ्या भागाचे लेखन अद्याप व्हावयाचे आहे.