खोलीबाहेरचे कागद

1994च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकी काँग्रेसच्या तपासयंत्रणेने, म्हणजे जनरल अकाउंटिंग ऑफिसने, तिथल्या टपाल खात्यावर दोन खंडांचा अहवाल छापला. कामाच्या जागेवर व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातले तंटे मिटलेले नाहीत, हे त्याच्या शीर्षकातच लिहिलं होतं. आत तपशील होते. आज वाटायला टपाल किती आहे आणि त्याला किती वेळ लागेल यावरून पोस्टमन आणि सुपरवायझर यांच्यात उडणारे खटके. हुकूम सोडणारी, खालच्याचं ऐकून न घेणारी वरिष्ठांची पद्धत. एकमेकांवर अविश्वास ठेवणाऱ्या युनियन आणि अधिकारी. 1986च्या ऑगस्टमध्ये ओक्लाहोमातल्या एडमंडच्या टपाल कार्यालयात एका कर्मचाऱ्याने चौदा सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. 1991च्या नोव्हेंबरात मिशिगनमधल्या रॉयल ओकमध्ये तसाच प्रकार घडला. अहवाल लिहिला गेला तेव्हा या घटनांची सावली सगळ्या खात्यावर पडलेली होती.

तीन वर्षांनी, 1997च्या ऑक्टोबरात, त्याच तपासनिसांनी पुन्हा लिहिलं, आणि फारशी प्रगती नाही असं बजावलं. आकडा त्यांनी खात्याच्याच नोंदींतून काढला. पहिल्या दोन पायऱ्यांवर न मिटता वर गेलेली युनियनची गाऱ्हाणी 1994मध्ये सुमारे 65,000 होती, ती 1996मध्ये जवळपास 90,000 झाली.

याच दोन अहवालांच्या मधल्या काळात त्या खात्यात एक प्रयोग सुरू झाला. त्याचं नाव रिड्रेस. कर्मचारी आणि सुपरवायझर यांच्यातल्या तक्रारींसाठी मध्यस्थी. सरकारी कचेरीतल्या मध्यस्थीचं मोजमाप इतक्या चिकाटीने, इतकी वर्षं झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. म्हणून हे कागद मी पुन्हा लावून पाहतो आहे.

आधी तक्रारीची वाट समजून घ्यायला हवी. वंश, लिंग, धर्म, वय, अपंगत्व यांवरून आपल्याशी भेदभाव झाला असं केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वाटलं, तर घटनेपासून 45 दिवसांत त्याने आपल्याच खात्यातल्या सल्लागाराकडे जायचं. सल्लागाराला 30 दिवस. प्रकरण मिटलं नाही तर नोटीस, आणि नोटिशीनंतर 15 दिवसांत औपचारिक तक्रार. मग खात्यानेच करायची चौकशी, त्याला 180 दिवस. त्यापुढे समान रोजगार संधी आयोगाच्या न्यायाधीशासमोर सुनावणी, मग अपील. कागदावरची ही मुदत प्रत्यक्षात वर्षांवर जाते. एवढा काळ तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो सुपरवायझर रोज एकाच छपराखाली, एकाच पाळीत, समोरासमोर काम करत राहतात. टपाल खात्यात 1997 साली अशा औपचारिक तक्रारींची संख्या 14,000च्या आसपास पोहोचली.

त्यातल्या पुष्कळ तक्रारींचा गाभा कायद्याच्या अर्थाने भेदभावाचा नसे. सगळ्यांदेखत ओरडणं, रजा नाकारणं, पाळी बदलणं, वर्षानुवर्षं नमस्काराला उत्तर न देणं. माणूस दुखावला गेलेला असे, आणि दाद मागायला जे दार उघडं होतं त्या दाराने तो आत जाई. तक्रारीच्या नमुन्यात मात्र अपमानासाठी रकाना नव्हता.

प्रयोगाचा जन्म एका दाव्यातून झाला. उत्तर फ्लोरिडातल्या कर्मचाऱ्यांनी सामूहिक दावा लावला होता. तो मिटवताना ठरलेल्या अटींतून मध्यस्थीची योजना निघाली, आणि 1994च्या अखेरीस टॅलाहासी, जॅक्सनव्हिल आणि पेन्साकोला या तीन शहरांत ती सुरू झाली. म्हणजे ही कल्पना वरिष्ठांच्या सद्भावनेतून आपोआप उगवली नाही; कोर्टात ओढल्यावर आली. पुढे तिला आधार देणारी माणसं मात्र खात्याच्या कायदा विभागातलीच होती: मुख्य कायदा अधिकारी मेरी एल्कॅनो आणि कार्यक्रमाची सूत्रं सांभाळणाऱ्या सिंथिया हॉलबर्लिन. दावे लढवणं ज्यांचा पेशा, त्यांनी दाव्याआधीची ही वाट रुंद केली. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

त्यांच्यासमोर खरा निवडीचा प्रश्न होता तो मध्यस्थीच्या जातीचा. 1994 सालीच रॉबर्ट बारूच बुश आणि जोसेफ फोल्जर या दोन प्राध्यापकांचं 'द प्रॉमिस ऑफ मीडिएशन' हे पुस्तक आलं होतं. मध्यस्थाने समेट घडवण्यामागे धावू नये, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं धडपणे मांडता यावं आणि समोरच्याचं म्हणणं समजावं, एवढंच त्याने पाहावं. तडजोड झाली तर ती त्यांची. टपाल खात्याने देशभरासाठी हीच पद्धत घेतली, आणि त्याबरोबर एक अवघड बंधन स्वतःवर घालून घेतलं. किती प्रकरणं मिटली यावर मध्यस्थाची किंमत ठरवायची नाही. देऊ केलेली मध्यस्थी किती कर्मचारी स्वीकारतात, याकडे लक्ष ठेवायचं.

दुसरा निर्णय मध्यस्थ कुठून आणायचे याचा. खात्यातल्याच माणसांना शिकवून मध्यस्थ करायचं, हा स्वस्त मार्ग. तो न्यू यॉर्क राज्यात करून पाहिला गेला. इंडियाना विद्यापीठातल्या लिसा बिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरचे मध्यस्थ आणि बाहेरचे मध्यस्थ यांची तुलना छापली आहे. बाहेरच्या मध्यस्थांकडे गेलेली माणसं प्रक्रियेबद्दल अधिक समाधानी होती. ज्या खात्याविरुद्ध गाऱ्हाणं त्याच खात्याचा पगार घेणाऱ्यासमोर मन मोकळं करणं जड जातं, हे कुणालाही पटेल. पण इथे ते नुसतं पटण्यावर सोडलेलं नाही, तपासून घेतलेलं आहे. खात्याने देशभरासाठी बाहेरचे मध्यस्थ घेतले. 1998 ते 1999च्या मध्यापर्यंत एकेक जिल्हा करत योजना सगळीकडे पोहोचली. लगेचच, 1999च्या नोव्हेंबरपासून, आयोगाचे नवे नियम लागू झाले, आणि तडजोडीची काही तरी पर्यायी व्यवस्था प्रत्येक केंद्रीय खात्यात असलीच पाहिजे असं बंधन आलं. टपाल खातं तोवर पुढे गेलेलं होतं.

आता खोलीपर्यंत येऊ. कर्मचाऱ्याने मध्यस्थी मागितली की ती शक्यतो दोन-तीन आठवड्यांत, कामाच्या वेळात, पगारी वेळेत लागे. कर्मचाऱ्यावर सक्ती नाही. सुपरवायझरला मात्र यावंच लागे. कर्मचाऱ्याने बरोबर कुणालाही आणावं: वकील, युनियनचा माणूस, सहकारी, मित्र. खात्याच्या बाजूने समझोता मान्य करण्याचा अधिकार असलेलं कुणी तरी खोलीत किंवा निदान फोनच्या टोकाला असावं. एका टेबलाभोवती तीन-चार माणसं, आणि दार बंद.

आणि इथे इतिहास लिहिणाऱ्याचा कागद संपतो. त्या खोलीतलं बोलणं गोपनीय. 1990 सालच्या आणि 1996मध्ये पुन्हा केलेल्या पर्यायी तंटानिवारण कायद्याने त्या गोपनीयतेला संरक्षण दिलं आहे. समेट झाला तर अटींचा कागद उरतो, पण कोण काय बोललं, कोण रडलं, कोण गप्प बसला, याची नोंद नाही.

आपल्याकडच्या जुन्या निवाड्यांशी याची तुलना मनात येतेच. गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, वाद गेला की दोन्ही वादी आधी राजीनामा लिहून देत. नोकरी सोडण्याचा तो अर्थ नंतरचा. तेव्हा त्याचा अर्थ होता, सभेचा निर्णय आम्हाला मान्य. मग आपापला करीना, म्हणजे हकीकत, सांगत, साक्षी होत, आणि शेवटी हजर असलेल्यांच्या नावांनिशी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. वतनाच्या भांडणात कुणी काय म्हटलं हे तीनशे वर्षांनी आपण वाचू शकतो, कारण त्या न्यायाला गावासमोर उभं राहायचं होतं. टपाल खात्यातल्या मध्यस्थीला उलट गरज होती. बोललेलं बाहेर जाणार नाही, या भरवशावरच सुपरवायझर तोंड उघडणार होता.

मग खोलीत काय घडलं हे कशावरून ठरवायचं? बिंगहॅम यांनी शोधलेली वाट साधी होती. मध्यस्थी संपली की प्रत्येकाच्या हातात एक प्रश्नावली. कर्मचाऱ्याला वेगळी, सुपरवायझरला वेगळी, बरोबर आलेल्या प्रतिनिधींनाही. नाव लिहायचं नाही. भरून ती खात्याकडे द्यायची नाही. थेट विद्यापीठाकडे टपालाने जायची. प्रश्न छोटे, उत्तरं 'अतिशय समाधानी'पासून 'अतिशय असमाधानी'पर्यंतच्या पायऱ्यांवर. तुमचं म्हणणं मांडायला पुरेशी संधी मिळाली का? मध्यस्थ निःपक्ष वाटला का? तुम्हाला आदराने वागवलं का? निकालाबद्दल काय वाटतं? समोरच्याने तुमचं म्हणणं मान्य केलं का, माफी मागितली का, हेही विचारलेलं. माफीचा रकाना असलेली सरकारी प्रश्नावली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तक्रारीच्या नमुन्यात जी गोष्ट मावत नव्हती ती या कागदावर मावली.

अशा हजारो प्रश्नावल्या जमल्या आणि वर्षानुवर्षं आकडे फारसे हलले नाहीत. प्रक्रियेबद्दल समाधानी म्हणणारे दोन्हीकडे नव्वद टक्क्यांवर. मध्यस्थांबद्दल त्याहून जास्त, शंभरात शहाण्णवच्या आसपास. निकालाबद्दल मात्र कर्मचाऱ्यांत सुमारे 64 टक्के आणि सुपरवायझरांत 70च्या जवळ.

पहिले दोन आकडे कार्यक्रमाच्या प्रत्येक परिचयपत्रात सापडतात. माझा विश्वास तिसऱ्यावर जास्त आहे. लोकांनी नुसतं सौजन्याने सगळीकडे 'समाधानी' असं भरलं असतं, तर निकालाच्या ओळीतही नव्वदच दिसले असते. भरणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या: मला कसं वागवलं आणि मला काय मिळालं. त्यांनी तसा भेद केला, म्हणूनच पहिल्या आकड्यालाही वजन येतं. आणि 64 व 70 यांच्यातलं अंतर छोटं असलं तरी त्याची दिशा पाहा. तक्रार घेऊन आलेला, म्हणजे ज्याला काही हवं होतं, तोच निकालावर कमी खूश आहे.

या कागदांना मर्यादा आहेत. मध्यस्थी स्वीकारणारेच प्रश्नावली भरतात. ज्यांनी नाकारली त्यांचं मन इथे नाही. कोणती प्रकरणं मध्यस्थीकडे जावीत हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे काटेकोर तुलना होत नाही. शिवाय खोलीतून बाहेर पडल्या क्षणीचं समाधान सहा महिन्यांनी टिकलं का, हे तो कागद सांगू शकत नाही.

म्हणून दुसऱ्या जातीचा पुरावा पाहावा लागतो, आणि तो खात्याच्या तक्रार-नोंदीत आहे. 14,000च्या शिखरानंतर औपचारिक तक्रारी पाव हिश्शाहून अधिक घटल्या. घट मध्यस्थीमुळेच, हे कशावरून? योजना एकदम सगळीकडे आली नव्हती, जिल्ह्याजिल्ह्याने आली, ही गोष्ट इथे कामी येते. बिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तक्रारींचे आलेख मांडले तेव्हा उतार त्या त्या भागात योजना सुरू होण्याच्या वेळेशी जुळत गेला. हा पुरावा मला भक्कम वाटतो. फक्त 1999च्या नोव्हेंबरनंतरचे आकडे जरा हात राखून वाचावेत. त्या नव्या नियमांनी एका माणसाच्या एकमेकांशी जोडलेल्या तक्रारी एकत्र करायला लावल्या, आधीच्या तक्रारीत भर घालायची मुभा दिली. दोन तक्रारींची एक झाली की नोंदवहीत संख्या घटते, भांडण घटलेलं नसतं. उतार त्याआधीच सुरू झाला होता, ही जमेची बाजू.

2000 साली जोसेफ कॅलिफॅनो यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने टपाल खात्यातल्या हिंसेचा अहवाल दिला. टपाल कर्मचारी इतर अमेरिकी कामगारांपेक्षा जास्त हिंसक असतात हा समज खोटा आहे, असा त्याचा निर्वाळा. पण त्याच पाहणीत या कर्मचाऱ्यांना आपल्या कामाच्या जागेची, सहकाऱ्यांची, व्यवस्थापनाची वाटणारी धास्ती आणि नाराजी इतरांहून जास्त दिसली. मध्यस्थी देशभर पोहोचून तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. प्रश्नावलीतले नव्वद टक्के आणि ही नाराजी एकाच खात्यातली, जवळजवळ एकाच काळातली. दोन्ही खरं असू शकतं. एका दुपारी एका खोलीत नीट ऐकून घेतलं गेलं, तरी दुसऱ्या दिवशी टपालाचा ढीग तोच, पाळी तीच आणि वेळेचं दडपणही तेच.

राहिला सुपरवायझर. फ्लोरिडातल्या सुरुवातीच्या प्रयोगानंतर जोनाथन अँडरसन आणि बिंगहॅम यांनी मुलाखती घेतल्या आणि 1997 साली त्या लेखात मांडल्या. मध्यस्थीत बसून आलेले सुपरवायझर सांगत होते की आता आपण जास्त ऐकून घेतो. लेखाच्या शीर्षकातच हा पुरावा प्राथमिक आहे असं लिहून त्यांनी आपली मर्यादा आधीच सांगितली आहे. मुलाखती थोड्या, आणि स्वतःच्या वागण्याबद्दल माणूस स्वतःच सांगतो आहे. तरीही, ज्याला खोलीत यावंच लागत होतं त्याने बाहेर आल्यावर काय म्हटलं, याचा हाती असलेला सगळ्यात जवळचा कागद हाच. त्याच्या शेजारी मी त्या शंभरातल्या छत्तीस कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्या ठेवतो, ज्यांनी निकालासमोर 'समाधानी' अशी खूण केली नाही. आकडे सांगतात की त्यातल्या बहुतेकांनी त्याच पानावर, थोडं वर, प्रक्रियेच्या ओळीत तशी खूण केली होती.