नावाचा वाद आणि समर्थकांची थट्टा : विम्बल्डनचे उदाहरण

दुय्यम स्तरावरील फुटबॉल सामन्यानंतर समर्थकांत रंगणारी चेष्टामस्करी इतिहासाचे साधन म्हणून सहसा विचारात घेतली जात नाही. विम्बल्डनच्या बाबतीत ही उपेक्षा समर्थनीय ठरत नाही. १९८८ मध्ये लिव्हरपूलला नमवून एफ. ए. चषक जिंकणाऱ्या या लंडनच्या क्लबला २८ मे २००२ रोजी मिल्टन कीन्स येथे स्थलांतराची अनुमती मिळाली. त्याच उन्हाळ्यात समर्थकांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब स्थापून नवव्या स्तरापासून आरंभ केला. स्थलांतरित क्लबने २००४ मध्ये 'एमके डॉन्स' हे नाव घेतले. 'डॉन्स' हे वस्तुतः विम्बल्डनचेच जुने टोपणनाव. ते उच्चारण्याऐवजी विम्बल्डनकर प्रतिपक्षास 'फ्रँचाईज' म्हणू लागले. हा शब्द शिवीहूनही बोचरा होय, कारण त्यात संघाला दुकानाच्या शाखेची पायरी दिलेली आहे. २ डिसेंबर २०१२ रोजी उभय संघांची प्रथमच गाठ पडली. ऑत्सेमोबोरने टाचेने केलेल्या गोलामुळे एमके डॉन्स २-१ असे विजयी झाले आणि मॅराडोनाच्या 'देवाच्या हाता'च्या धर्तीवर 'देवाची टाच' हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे २०१७ मध्ये यजमान विम्बल्डनने गुणफलकावर पाहुण्यांच्या नावातील 'डॉन्स' वगळले, तेव्हा मात्र लीगने क्लबवर रीतसर आरोप ठेवले.