टायरमधील निर्मितिभिन्नता

एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालेल्या टायरांच्या मापात, वजनात, ताठपणात व टिकाऊपणात राहणारा फरक. तो पुरता घालवता येत नाही, ठरलेल्या मर्यादेत ठेवता येतो. टायर हे ओतकाम नसून जोडकाम आहे, हे याचे मूळ कारण.

फिरत्या पिंपावर आतला थर, दोऱ्यांचे पडदे, बीडच्या तारकड्या, पोलादी पट्टे व ट्रेड चढवून कच्चा टायर बांधतात. प्रत्येक पट्टीची दोन टोके कुठेतरी एकमेकांवर येतात आणि तिथे जाडी वाढते. हे सांधे एका जागी न येऊ देता परिघावर पांगवणे, हे बांधणीतले कसब. पट्टा मध्यापासून जरा सरकला, तर टायर फिरताना किंचित शंकूसारखा वागतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पुढचे दोन टायर आपसांत बदलल्यावर ओढ उलटली, तर दोष अलाइनमेंटचा नव्हे, टायरचा. कच्च्या मालाचाही हातभार असतो. धुरी दिलेल्या रबराच्या शीटची प्रत आजही नजरेनेच ठरते. प्रयोगशाळेतल्या चाचणीवर प्रत ठरवण्याची पद्धत मलेशियाने १९६५ मध्ये सुरू केली.

तयार टायर ठरलेल्या भाराने फिरत्या ड्रमवर दाबून, एका फेऱ्यात बल किती वरखाली होते ते यंत्रावर मोजतात. बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग का थरथरते, याचे उत्तर अनेकदा इथे मिळते. शिशाचे वजन लावून वजनातला फरक भरून निघतो, ताठपणातला नाही. ताशी १०० किमी वेगाने मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते, म्हणजे तेवढेच धक्के. नव्या टायरवरचे रंगीत ठिपके अशाच मोजण्यांतून येतात. पिवळा ठिपका सहसा हलकी बाजू दाखवतो, म्हणून तो व्हॉल्व्हजवळ ठेवायचा. तांबडा, बल सर्वाधिक असलेली जागा. बसवताना त्यांकडे कोणी फारसे बघत नाही.

भिन्नता जिवावर बेतल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले. ट्रेड सुटून, मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांना अपघात झाल्यावर फायरस्टोनने ऑगस्ट २००० मध्ये १ कोटी ४४ लाख टायरांना लागू होणारी परत-मागणी जाहीर केली. त्यांतले सुमारे ६५ लाख रस्त्यावर होते. तक्रारी इलिनॉयमधील डिकेटर कारखान्याच्या मालाबद्दल विशेष होत्या. तिथे १९९४ ते १९९६ दरम्यान कामगारांचा तंटा चालला होता. अॅलन क्रूगर व अलेक्झांडर मास या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवले, की सदोष टायरांचे प्रमाण याच काळात वाढले. विशेषतः संपापूर्वी कामगारांनी सवलती सोडाव्यात अशी मागणी झाली तेव्हा आणि परतलेले संपकरी बदली कामगारांशेजारी राबत होते तेव्हा. सारा दोष मात्र डिकेटरच्या माथी मारता येत नाही. रचनेतल्या उणिवा व हवेचा कमी शिफारस केलेला दाब हेही चौकशीत पुढे आले. डिकेटर कारखाना डिसेंबर २००१ मध्ये बंद झाला.

टायर कुठला व कधीचा, हे बाजूवरच्या कोरीव खुणेवरून कळते. शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. अमेरिकी पद्धतीत सुरुवातीची अक्षरे कारखान्याची असतात. परत मागवलेल्यांपैकी ‘वाइल्डरनेस एटी’ टायरवर ती ‘व्हीडी’ असली, की मालकाला कळे, आपला टायर डिकेटरचा.