टाळू शिवली, पण पुढे?

१८१९ सालची गोष्ट. जॉन स्टीफन्सन नावाचा कॅनडातला एक तरुण वैद्यकी शिकायला युरोपात आला होता. त्याची मऊ टाळू जन्मापासून दुभंगलेली, त्यामुळे बोलणं गेंगाणं. पॅरिसचे शल्यविशारद फिलिबेर रू यांनी ती टाके घालून शिवली. भूल यायला अजून सत्तावीस वर्षं होती, त्यामुळे त्याने काय सोसलं असेल याचा विचारही करवत नाही! पण हाच तरुण पुढे मॉन्ट्रियलमधल्या वैद्यकीय विद्यालयाच्या संस्थापकांपैकी एक झाला, तिथे शिकवू लागला.

पुढे भूल आली. १८६१ मध्ये बर्लिनच्या लांगेनबेक यांनी कठीण टाळूही बंद करण्याची रीत दाखवली आणि हळूहळू अगदी लहान मुलांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. खरी गोम इथेच आहे. स्टीफन्सनची वाढ पुरी झालेली होती, मुलाची व्हायची असते. टाळूवरचा वण जबड्याबरोबर वाढत नाही. वरचा जबडा मागे राहतो, चेहऱ्याचा मधला भाग बसका दिसतो. आणि हे नीट कळतं कधी, तर मूल पंधरा-सोळा वर्षांचं झाल्यावर. टाळू शिवली की आपण सुटलो, असं आईबापांना वाटत असतं. (आपल्याकडे तर आधी ग्रहणावरून त्या आईलाच बोल लावून झालेला असतो.) पुढे टाळूला एखादं भोक राहतं, कानात पाणी साठून ऐकू कमी येतं, बोलताना हवा नाकातून निसटते.

मग जबडा वाढेपर्यंत थांबावं का? जर्मनीत मारबुर्गला श्वेकेन्डीक यांनी १९४४ पासून तेच केलं. मऊ टाळू लहानपणी शिवायची, कठीण टाळू बारा-तेरा वर्षांनंतर. १९८४ मध्ये बार्डाक आणि सहकाऱ्यांनी त्या रुग्णांचे निष्कर्ष छापले. जबडे छान वाढले होते, पण बोलणं बिघडलेलं होतं. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत अवघड क्षण वाटतो. चेहरा हवा की वाचा, हे तान्ह्या मुलाच्या वतीने कोणी ठरवायचं?

१९९० मध्ये मार्स आणि ह्यूस्टन यांनी श्रीलंकेतल्या मोठ्या माणसांचा अभ्यास मांडला. त्यांच्यावर कधी शस्त्रक्रियाच झाली नव्हती, आणि त्यांचे वरचे जबडे बरेचसे नीट वाढलेले होते. म्हणजे वाढ खुंटण्यात शस्त्रक्रियेचाही मोठा वाटा होता. कबूल करायला कठीण अशीच ही गोष्ट.

२०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. ५५८ बाळं, निम्म्यांची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात, निम्म्यांची बाराव्या. पाचव्या वर्षी बोलताना टाळू पुरेशी न मिटणारी मुलं पहिल्या गटात ८.९ टक्के निघाली, दुसऱ्यात १५ टक्के. लवकर शिवलेली बरी, असं निदान बोलण्यापुरतं तरी दिसलं. जबड्याचा हिशेब मात्र राहिला आहे. ती मुलं अजून वाढताहेत.