पटावरचा अंधार

बुद्धिबळाच्या पटावर काहीच लपलेले नसते. आपला उंट, समोरच्याचा घोडा, त्यांच्यामधली मोकळी घरे, सारे दोघांनाही सारखेच दिसते. हरल्यावर 'मला दिसले नाही' ही सबब चालत नाही. दिसत होते, आपण पाहिले नाही. लढाईवरून बेतलेल्या या खेळात लढाईतली सर्वांत मोठी अडचण मात्र उतरलेली नाही, ती म्हणजे शत्रू नेमका कोठे आहे हेच ठाऊक नसणे.

ही अडचण पटावर आणायची कशी? हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. त्याचे एक चांगले उत्तर १९९४ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या एका संगणक-खेळाने दिले. पण त्याची सुरुवात पार प्रशियात शोधावी लागते.

प्रशियाच्या सैन्यातील राइसव्हित्स नावाच्या तोफखान्याच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धखेळ, याचे नियम प्रसिद्ध केले. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. त्यांनी १८१२ मध्ये राजाला असा एक खेळ करून दाखवला होता. मुलाने १ : ८००० प्रमाणाचा खरा नकाशा अंथरला. सैन्याच्या तुकड्यांसाठी छोटे ठोकळे, दर पाळीला दोन मिनिटांचा काळ, आणि गोळीबाराने किती नुकसान झाले हे ठरवायला फासे. पण यातली खरी नवलाई फाशांची नाही, पंचाची आहे. दोन्ही बाजूंचे खेळाडू आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत. सगळे ठाऊक असे ते फक्त पंचाला. नकाशावर तो तेवढेच ठोकळे मांडी, जेवढे त्या बाजूच्या सैनिकांना प्रत्यक्ष दिसले असते.

कल्पना उत्तम होती, पण पंचाचे हाल होत. प्रत्येक गोळीबाराला कोष्टक पाहायचे, फासे टाकायचे, कोण कोणाला टेकडीआडून दिसतो ते ठरवायचे. शेवटी १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू वेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने सुचवले की कोष्टके सोडा, अनुभवी पंचाने स्वतःच्या समजुतीने निकाल द्यावा. काम सोपे झाले, पण सगळा भार पंचाच्या शहाणपणावर आला.

पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत असे खेळ खोक्यात घालून हौशी लोकांना विकले जाऊ लागले. घरी दोन मित्र खेळायला बसणार. तिसरा पंच आणायचा कोठून? त्यामुळे सारे ठोकळे पुन्हा उघड्यावर आले आणि पटावर लख्ख उजेड पडला. काही रचनाकारांनी यातून वाट काढायचा प्रयत्न केला. १९७३ च्या 'स्नायपर' या खेळात एकेक ठोकळा म्हणजे एकेक सैनिक होता आणि दोघांनीही आपल्या चाली आधी कागदावर लिहून मग एकदम उघड करायच्या होत्या. पण त्यात खेळण्यापेक्षा लिहिणेच जास्त होई.

असेच खेळ खेळत वाढलेल्यांपैकी एक म्हणजे ज्युलियन गॉलॉप. जन्म १९६५ चा, गाव लंडनजवळचे हार्लो. घरगुती संगणक ब्रिटनमधल्या मुलांच्या हाती आले तेव्हा हा मुलगा शाळकरी वयाचा होता. इतर मुले त्यावर अवकाशयाने उडवीत असताना संगणक हा उत्तम पंच आहे, हे गॉलॉप यांनी हेरले. तो कंटाळत नाही, कोष्टके त्याला पाठ असतात आणि कोणाची बाजू घेण्याचे त्याला कारण नसते. १९८४ मध्ये त्यांचा 'रिबेलस्टार रेडर्स' हा दोघांनी खेळायचा खेळ ४८ किलोबाइट स्मृतीच्या स्पेक्ट्रम संगणकावर आला. आजच्या एका साध्या छायाचित्रालाही ही जागा पुरणार नाही. १९८६ च्या 'रिबेलस्टार'मध्ये संगणक स्वतःच प्रतिस्पर्धी झाला. आणि १९८८ च्या 'लेझर स्क्वाड'मध्ये पटावर पुन्हा अंधार आला: तुमच्या एखाद्या तरी सैनिकाला दिसेल तोच शत्रू पडद्यावर उमटणार. राइसव्हित्सचा पंच परत आला होता, या वेळी खोक्यात बसून.

याच खेळाची पुढची आवृत्ती घेऊन गॉलॉप १९९१ मध्ये मायक्रोप्रोज या कंपनीकडे गेले. त्याच वर्षी या कंपनीचा 'सिव्हिलायझेशन' हा मोठा खेळ आला होता आणि तिला तशाच विस्ताराचे काही हवे होते. उडत्या तबकड्या पृथ्वीवर उतरत आहेत, असा विषय ठरला. ज्युलियन आणि त्यांचे भाऊ निक यांनी पुढची काही वर्षे त्यावर घालवली. मध्येच १९९३ मध्ये मायक्रोप्रोज दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेली आणि नव्या मालकांनी हे काम थांबवायला सांगितले. गॉलॉप यांनी पुढे सांगितले आहे त्याप्रमाणे, ब्रिटनमधल्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट त्यांच्या कानावर घातलीच नाही आणि काम चालू राहिले. मार्च १९९४ मध्ये खेळ बाजारात आला. युरोपात त्याचे नाव होते 'यूएफओ : एनिमी अननोन', अमेरिकेत 'एक्स-कॉम : यूएफओ डिफेन्स'.

खेळाचे दोन थर आहेत. वरच्या थरात फिरता पृथ्वीगोल, तारीख १ जानेवारी १९९९. सोळा देशांनी वर्गणी काढून एक संरक्षणदल उभारले आहे (त्यात भारतही आहे). तळ कोठे बांधायचा, रडार, विमाने, प्रयोगशाळा यांवर किती खर्च करायचा हे खेळाडूने ठरवायचे. काम समाधानकारक नसेल तर देश वर्गणी कमी करतात, प्रसंगी काढूनही घेतात. तबकडी पाडली की आपण खालच्या थरात उतरतो. तेथे एखादे शेत किंवा जंगल असते, मूठभर सैनिक असतात आणि खेळ पाळीपाळीने चालतो.

या खालच्या थरातले गणित शिक्षकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. प्रत्येक सैनिकाला दर पाळीला वेळेची काही एकके मिळतात. सपाट जमिनीवर एक पाऊल टाकायला ४ एकके, ४५ अंशांत वळायला १, गुडघा टेकायला ४. रायफलीची झटपट गोळी एकूण एककांच्या २५ टक्के खाते, नेम धरून मारलेली ८० टक्के. समजा, सैनिकाकडे ६० एकके आहेत. दहा पावले चालला की ४० संपली. उरलेल्या २० मध्ये एक झटपट गोळी (१५ एकके) बसते, नेम धरलेली नाही. प्रत्येक पावलाला विचार करावा लागतो तो यामुळे.

पण आपली पाळी चालू असताना शत्रू गप्प बसलेला असतो असे नाही. प्रत्येकाला एक प्रतिक्रिया-अंक असतो. त्याला उरलेल्या वेळाच्या प्रमाणाने गुणायचे. ज्याचा गुणाकार मोठा, त्याला आधी गोळी झाडण्याची संधी. वरच्या सैनिकाचा अंक ४८ धरला तर दहा पावलांनंतर ४८ × २०/६० म्हणजे १६ उरतात. झुडपामागे हालचाल न करता बसलेल्या परग्रहवासीयाचा अंक ६० असेल आणि त्याने वेळ मुळीच खर्च केलेला नसेल, तर त्याचे ६० पूर्ण शाबूत. गोळी कोण झाडणार ते उघड आहे. जो धावतो तो दुबळा होतो आणि जो दबा धरतो तो बळावतो, हे एका साध्या गुणाकारातून निघाले आहे. सातवीच्या मुलालाही तो करता येईल.

रात्रीचा प्रसंग आणखी वाईट. दिवसा वीस घरांपर्यंत दिसते. रात्री आपल्या सैनिकांना नऊच घरे दिसतात, परग्रहवासीयांना मात्र वीसच. शत्रूची पाळी आली की पडद्यावर एक चित्र झळकते, 'हिडन मूव्हमेंट' म्हणजे 'लपून हालचाल' एवढेच सांगणारे. कधी दार उघडल्याचा आवाज, कधी एखादी किंकाळी. पंच सांगतो आहे की काहीतरी घडले. काय घडले ते सांगणार नाही. खेळलेल्यांना तबकड्यांपेक्षा हाच पडदा जास्त आठवतो.

गोळी चुकली तर ती नाहीशी होत नाही, हा आणखी एक बारकावा. संगणक तिचा मार्ग तिन्ही मितींत काढतो आणि वाटेत जे येईल, भिंत, कुंपण किंवा आपलाच सोबती, त्याला ती लागते. त्यामुळे आकड्यात दाखवलेली अचूकता ही नेम लागण्याची नेमकी संभाव्यता नसते. खेळाडूंची नेहमीची तक्रार असे की हा खेळ फसवतो, नव्वद टक्क्यांची गोळी चुकतेच कशी! वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे. नव्वद टक्क्यांच्या दहा गोळ्यांपैकी एक तरी चुकण्याची शक्यता १ – (०.९)^१० म्हणजे सुमारे ६५ टक्के. हा खेळ २०१२ मध्ये फिरॅक्सिस कंपनीने नव्याने केला, तेव्हा सोप्या पातळ्यांवर दाखवलेल्या आकड्यापेक्षा खेळाडूला गुपचूप थोडे झुकते माप दिले गेले. खरी संभाव्यता माणसाला अन्यायाची वाटते, म्हणून पंचाने जरा खोटे बोलायचे. हे मला आवडलेले नाही, पण तशी वेळ का आली ते समजते.

आता प्रयोगशाळेकडे येऊ, कारण माझे स्वतःचे आयुष्य तेथे गेले आहे. या खेळात शत्रूचे सारेच अज्ञात असते. मेलेल्या परग्रहवासीयाचे शवविच्छेदन करावे, जिवंत पकडलेल्याची चौकशी करावी, हाती लागलेले शस्त्र उघडून पाहावे, तेव्हा कोठे पुढची पायरी उलगडते. मंगळावरच्या शेवटच्या मोहिमेचा मार्ग तर शत्रूचा वरिष्ठ अधिकारी जिवंत हाती लागल्याशिवाय खुला होत नाही. नमुना नाही तर ज्ञान नाही, आणि नमुना मिळवायला जोखीम पत्करावी लागते. इतके खरे आहे. बाकीचे चित्र फसवे आहे. प्रत्येक विषयाला ठरावीक माणूस-दिवस लागतात. शास्त्रज्ञ दुप्पट केले की वेळ निम्मा होतो. प्रकल्प कधीच फसत नाही, चुकीच्या दिशेने जात नाही, 'यात काही नाही' असे उत्तर कधी येत नाही. चुलीवरच्या भाताभोवती चाळीस आचारी उभे केले तरी तो शिजायचा तेव्हाच शिजतो. आणि आमच्या कामात भात कित्येकदा शिजतच नाही! रणांगणावर इतकी अनिश्चितता भरणाऱ्या गॉलॉप यांनी प्रयोगशाळेत मात्र लख्ख उजेड ठेवला, याचे मला नवल वाटते.

खेळातल्या दोन 'रहस्यां'चे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. परग्रहवासीयांच्या यानाचे इंधन म्हणजे 'एलेरियम-११५', कारखान्यात बनवता न येणारे, फक्त लुटून मिळणारे. हा आकडा बॉब लझार नावाच्या अमेरिकन माणसाने १९८९ मध्ये केलेल्या दाव्यांतून आला. खेळ निघाला तेव्हा ज्ञात मूलद्रव्ये १०९ पर्यंतच पोचली होती, त्यामुळे ११५ वर वाटेल ते लादायला मोकळीक होती. २००३ मध्ये रशियातील दुब्ना येथे अमेरिसियमवर कॅल्शियमचा मारा करून ११५ क्रमांकाचे मूलद्रव्य प्रत्यक्ष मिळवले गेले. पहिल्या प्रयोगात मिळाले केवळ चार अणू. २०१६ मध्ये त्याला मॉस्कोव्हियम हे नाव मिळाले. त्याच्या ज्ञात समस्थानिकांचे अर्धायुष्य एका सेकंदाहूनही कमी आहे. टाकीत भरून ठेवण्याचा प्रश्नच नाही.

दुसरे रहस्य मंगळावरच्या सायडोनिया प्रदेशाचे; खेळाची शेवटची लढाई तेथेच होते. व्हायकिंग-१ यानाने जुलै १९७६ मध्ये तेथे टिपलेल्या चित्रात एक टेकडी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसली होती. मार्स ग्लोबल सर्व्हेयरने १९९८ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये जास्त बारकाईने छायाचित्रे घेतली. त्यांत झिजलेली सपाट माथ्याची टेकडी दिसते. चेहरा ऊन-सावलीचा होता.

उरली पंचाची गोष्ट. खेळ सुरू करताना काठिण्याच्या पाच पातळ्यांतून एक निवडायची असे. मूळ डॉस आवृत्तीत एक दोष राहून गेला होता: कोणतीही पातळी निवडा, पहिली चकमक आटोपली की कार्यक्रम कोणाला न सांगता सर्वांत सोप्या पातळीवर उतरे. पडद्यावर त्याची काहीच खूण नसे. मुरलेले खेळाडू सर्वांत अवघड पातळी निवडत आणि कुरकुरत की हिच्यात काही दम नाही. तक्रार रास्त होती. ऐकणाऱ्यांनी ती मनावरही घेतली, पण पंचालाच तपासून पाहायला हवे असे कोणाला सुचले नाही. १९९५ मध्ये पुढचा भाग 'टेरर फ्रॉम द डीप' निघाला, तेव्हा उपाय म्हणून सगळा खेळच अवघड केला गेला. पहिल्या भागातला दोष पुढे उघडकीस आला आणि विंडोजसाठीच्या आवृत्तीत दुरुस्त झाला. तोवर दुसऱ्या भागाचे खेळाडू समुद्राच्या तळाशी, अंधारात, त्या चुकीच्या निदानाची किंमत मोजत होते.